चि. मंजूस, गड्ड्यानंतर

सोलापूर,
ता. २१ जानेवारी

चि. मंजू हिस अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटून पाच दिवस झाले. फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही. शंतनू मधे बसून इकडचं तिकडं सांगतो, पण त्या पोराच्या तोंडून आपलं भांडण मिटवणं बरं दिसत नाही. म्हणून कागद घेतला.

आधी इकडचं. वहिनीचा खोकला बसला. होम मैदानावरचे गड्डा जत्रेचे पाळणे अजून हललेले नाहीत, शंतनू रोज पैसे मागतो. थंडी मात्र गड्ड्याबरोबर गेली. तू विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर या वर्षी सहा दिवस घातला. सोलापुरात स्वेटरला याहून मोठं आयुष्य नसतं. सातव्या दिवशी घातला तर लोक तब्येत विचारतात.

बाराबंदी धुऊन, नीळ घालून ठेवली आहे. सिद्धेश्वराच्या लग्नातल्या अक्षतेच्या वेळी संमती कट्ट्यापाशी शेजारचे मास्तर म्हणाले (त्यांचे ओठ मला वाचता येतात, मिशा नाहीत), कुठल्या टेलरची? मी म्हटलं, मुंबईच्या. त्यांना वाटलं मोठं दुकान असेल. मी वाटू दिलं. पूर्वी मी तेराव्या तारखेला अडुसष्ट लिंगांची पूर्ण फेरी चालायचो, आता गुडघे अक्षतेपुरतेच उरलेत. 'हर्र बोला हर्र' आता ऐकू येत नाही, सगळ्यांची तोंडं एकदम उघडतात तेवढं दिसतं. पण अंगात तुझ्या हातचं कापड होतं. बरं वाटलं.

आता जे लिहायला बसलो ते. एकदाच लिहितो आणि सोडून देतो.

बाराबंदीचे अकरा बंद तू बारीक टाक्यांनी पक्के लावलेस. बाराव्याचे टाके लांब आहेत आणि दोन जागी सुई परत घातलेली आहे. सत्तावीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली मी, कापडात कुठं ढिलं आहे ते डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. तो बंद तू बारा तारखेच्या रात्री लावलास ना? त्याच रात्री तीनच्या सुमाराला मी पाण्याला उठलो. तू अंथरुणात बसून उजवा हात झटकत होतीस. थर्मामीटर झटकतात तसा. थांबायचीस, मूठ उघडझाप करायचीस, परत झटकायचीस. मी दिवा लावला नाही. पाणी न पिताच आत गेलो.

तसा झटकलेला हात या घरानं आधी पाहिला आहे.

तुझ्या आईचंही रात्रीच सुरू झालं होतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं झोपायची, करंगळीला काही नाही. आम्ही म्हणायचो, गारठा लागला. फेब्रुवारी ते मे शाळांच्या गणवेशाचा हंगाम, काज-बटणाची मजुरी डझनावर. जून उजाडला की दाखवू, म्हणायची. असे किती जून गेले ते मोजत नाही. पुढं डॉक्टरांनी मला तिच्या दोन्ही हातांचे तळवे शेजारी ठेवून दाखवले. उजव्या अंगठ्याच्या बुडाचं मांस बसून गेलं होतं, वाटीसारखं. मनगटात एक बोळ आहे, त्यातून नस जाते, वरचा पट्टा तिला दाबतो, असं त्यांनी चित्र काढून सांगितलं. ऑपरेशननं मुंग्या गेल्या. मांस आलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या शर्टांना हजारो बटणं लावलेल्या बाईला स्वतःच्या ब्लाउजचा हुक लागेना, तो मी लावायचो. हे तुला माहीत नव्हतं. तिनं सांगू दिलं नव्हतं.

स्टेशनवर मी काय बोललो ते सगळ्या फलाटानं ऐकलं. बहिऱ्या माणसाला हळू भांडता येत नाही. 'पोट त्या एडिटिंगवर आहे, हात त्याला राखून ठेव, लोकरीचं हे खूळ बंद कर,' असं म्हणालो. तू काहीतरी बोललीस, मी तुझ्या ओठांकडं बघत होतो, पण तेवढ्यात तू डब्याकडं वळलीस. शंतनूनं नंतर सांगितलं. तू म्हणालीस, 'अण्णा, एडिटिंग दुसऱ्यांचं असतं, हे माझं आहे.'

हे वाक्य घेऊन मी पाच दिवस फिरतोय. खोटं आहे असं म्हणवत नाही. मीसुद्धा मालकाचेच टॉवेल विणले. घरी येऊन स्वतःसाठी एक रुमालही विणला नाही, कारण माग घरी आणता येत नाही. सुया पिशवीत बसतात. तेव्हा तू काही चुकीचं करत नाहीस. फक्त दिवसभर माउस धरणारा आणि कॉम्प्युटर एक्स्पोर्टला लागून तू मोकळी झालीस की सुया धरणारा हात एकच आहे. त्याला सुट्टी कधी? दोन्ही कामांना तू मन वेगळं लावतेस, मनगट वेगळं नाही लावत.

बघ, एकदाच लिहितो म्हणालो होतो.

तू सातवीत असताना रात्रपाळीचा डबा घेऊन कारखान्यात यायचीस, आणि मी जेवेपर्यंत टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसायचीस. तिथं बोलून उपयोग नसे, आम्ही सगळे हातानं बोलायचो. एकदा तू उठून माझी बाही ओढलीस आणि मागाकडं बोट केलंस. फाशांच्या बीमवरचा, म्हणजे टॉवेलच्या अंगावर जे लूप उभे राहतात त्यांच्या रुळावरचा, एक धागा तुटला होता. मला दिसायच्या आत तुला दिसला. टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात हे मी तुला त्याच रात्री दाखवलं, एक जमिनीचा, एक फाशांचा. दोन धोटे मोकळे पडतात, तिसऱ्याला फणी ठोकते, तेव्हा फासा उभा राहतो. मिनिटाला शंभराच्या वर धोटे पळत होते, आणि तू एकटक बघत बसली होतीस. जॉबर, आमचा मुकादम, खुणेनं म्हणाला, पोरीला इथंच लाव कामाला. मी हसलो. मनात म्हटलं, हिला या आवाजात आणायची नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तुझा नंबर लागला तेव्हा संकलन म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, अण्णा, सेकंदाला २४ चित्रं असतात, त्यातलं कितव्यावर कापायचं ते ठरवायचं. आमच्याकडं सेकंड म्हणजे डागी माल, स्वस्तात काढायचा. तुझ्याकडं एका सेकंदासाठी अर्धी रात्र वाद. विणतानाही तेच. त्या स्वेटरची पाठ पूर्ण झाली होती, आणि चाळीस ओळी खाली एक उलट टाका सुलट पडलाय म्हणून तू सगळी उसवलीस. मी म्हटलं, माझ्या पाठीकडं कोण बघतंय? तू काही न बोलता लोकर गुंडाळत बसलीस. रागावलो होतो तेव्हा. आता ती पाठ अंगावर असते तेव्हा सारखा हात मागं जातो.

परदेशात सिनेमाच्या सुरुवातीला फिल्म कापायचं-जोडायचं काम पुष्कळ बायकांकडं होतं, शिवणकामासारखंच समजून त्यांना दिलं जायचं, हे तूच सांगितलेलं. आणि रेणू सलुजांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळाला, त्याही तुझ्याच इन्स्टिट्यूटच्या, हे मी अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगितलंय की टपरीवाला आता माझ्याआधी बोट वर करून 'चार' दाखवतो. तुझी मालिका मी खाली अक्षरं लावून बघतो. पण शेवटी नावं सुरू झाली की कोपऱ्यात ते बटण येतं आणि तुझं नाव यायच्या आत पुढचा भाग चालू होतो. शंतनूला तीनदा मागं न्यायला लावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, अण्णा, नाव तेच आहे, बदललेलं नाही.

तो वॉल्टर मर्च नावाचा संकलक उभा राहून काम करतो म्हणालीस ना? तू पण करून बघ की. आम्ही बारा बारा तास उभे असायचो. त्यानं पायांच्या शिरा फुगतात हे खरं आहे, पण मनगटावर भार कमी येत असेल. माउस धरताना हात टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नकोस. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून झोप. शुगर आणि थायरॉइड एकदा तपासून घे, त्यानंही असं होतं म्हणतात. नसेतून करंट कसा जातो ते बघायची तपासणी असते, आईची केली होती, सुया टोचतात, फार दुखत नाही. 'पिक्चर लॉक झाला की जाईन' असं म्हणू नकोस. काटछाट संपली की लॉक, आणि लॉक म्हणजे तुमचा जून, एवढं मला कळलंय.

परत लागलोच मी. एकोणतीस वर्षांच्या मुलीला झोपायचं कसं ते शिकवतोय. माफ कर.

माझा कान गेला तेव्हा मला कुणी सांगितलं नाही असं नाही. तुझी आईच म्हणायची, कानात कापूस घाला. मी म्हणायचो, मग मागाचा आवाज कसा कळणार? धोटा अडकला तर आवाजावरूनच समजतं. घातला नाही. पुढं मालकानं माग भंगारात विकले. काट्यावर चढवताना मी उभा होतो. लोखंडावर लोखंड पडत होतं आणि मला काही ऐकू येत नव्हतं. कान ज्याला दिला ते किलोनं गेलं. तुला भीती घालायला हे लिहीत नाही. घालायलाच लिहितोय बहुतेक.

आईची मशीन तू मुंबईला नेलीस तेव्हा दादा म्हणाला होता, भाड्याच्या खोलीत ठेवणार कुठं? मी मधे पडलो नाही, मशीनचं डोकं पायजम्याच्या कापडात गुंडाळून गाडीत तुझ्या मांडीवर दिलं. ती तू शिवणासाठी नेलीस की कशासाठी, एवढं न कळण्याइतका मी बहिरा नाही. म्हणून स्टेशनवर जे 'खूळ' म्हणालो, तो शब्द परत घेतो. बाकीचं घेत नाही. लोकर सोड असं लिहवत नाही, आणि सोडू नकोस असंही लिहवत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळव, मग बघू.

बारावा बंद मी उसवलेला नाही आणि परत शिवलेलाही नाही. वहिनी लावून देते म्हणाली, मी नको म्हटलं. पुढच्या गड्ड्याला वर्ष आहे.

दादाचा मित्र रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वरनं येतोय. त्याच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवतो. भाकरी वरून धरू नकोस, तुकडे होतात. चटणीची बरणी नवी आहे, झाकण फार घट्ट बसतं. मी ते सैल करून ठेवलंय आणि वरून दोऱ्यानं बांधलंय. सुरगाठ मारली आहे. डाव्या हातानं टोक ओढलंस की सुटेल.

तुझा,
अण्णा