औषधाच्या नावासोबत गट नंबरही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. तुमचं शेतीचं पान रोज वाचतो, कात्रणं काढून पण ठेवतो. पण डाऊनीवर (द्राक्षावरचा बुरशीचा केवडा रोग) सल्ला येतो त्यात एक गोष्ट कायम राहून जाते, औषधाचा गट नंबर, म्हणजे ते बुरशीला कुठे मारतं त्याचा आकडा, आणि त्याचा फटका आम्हाला बसतो, म्हणून लिहितोय.

2019 ला गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबायचं नाव घेईना. आमचा थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट फुलोऱ्यात, ट्रॅक्टर चिखलात रुतायचा म्हणून पाठीवर पंप घेऊन फिरलो. आधी डायमेथोमॉर्फ मारलं, रिझल्ट नाही. दुकानात गेलो तर त्यांनी मॅन्डीप्रोपॅमीड दिलं, म्हणाले हे एकदम वेगळं आहे, महागही होतं, तेही मारलं. चार दिवसांनी घडाच्या देठावर पांढरी बुरशी, मग घड तपकिरी पडून वाळले, नुसता हात लावला तरी गळायचे. घरच्यांनी ते सरीतून गोळा केले तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

नंतर कळलं की दोन्ही औषधं एकाच गटातली, गट 40. बुरशीला दोन्हीचा मार एकाच जागी बसतो, एकाला सरावली की दुसऱ्यालाही दाद देत नाही. ॲझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिनचंही तेच, ते गट 11. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य (लागेल तिथेच काम करणारं) औषध बुरशीला अनेक ठिकाणी मारतं म्हणून त्याला ती सहज सरावत नाही, पण तेही रोग यायच्या आधी पानावर पाहिजे, डाग दिसल्यावर धावपळ करून काय उपयोग. डबा बदलला म्हणजे औषध बदललं असं आमच्याकडे निम्मे लोक अजून समजतात, आणि त्यांना कोणी सांगितलंच नाही तर त्यांची काय चूक?

अजून एक छापाच. तेलकट पिवळा डाग दिसला की पान ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवायचं. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवली तर डाऊनी जिवंत आहे, नाही उगवली तर डाग बहुतेक जुना, आणि एक फवारणी वाचते. एक्स्पोर्टच्या मालाला रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासतात, तिथे एक फवारणी पण लहान गोष्ट नाही. भुरी हा वेगळा बुरशीचा रोग, ती पानावर राख टाकल्यासारखी दिसते, तिला पाऊस लागत नाही, ढगाळ हवा पुरते, तिला गंधक चालतं. दोन्हीला फेलफुटी (जादा फुटवे) वेळेवर काढून कॅनॉपीत (वेलीच्या पानांच्या पसाऱ्यात) हवा खेळती ठेवणं हे कुठल्याही औषधाच्या आधी.

तर विनंती एवढीच की सल्ल्यात औषधाच्या नावापुढे कंसात गट नंबर टाकत जा, दोन आकडे आहेत, जागा लागत नाही. आणि हे लवकर सुरू करा, आमच्याकडे सप्टेंबरअखेर छाटणीच्या कात्र्या चालू होतात, सटाण्याकडे तर त्याच्या कितीतरी आधी.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक