शेवाळ वाढतं हो, ते पाण्याबाहेर काढायचं कसं?

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी माझं क्लोरेलाचं, म्हणजे एकपेशीय हिरव्या शेवाळाचं टाकं मेलं. सामायिक काढणी केंद्र 'पुढच्या महिन्यात' सुरू होईल, असं आपल्या खात्याने मला तीनदा सांगितलं. त्या भरवशावर मी काढणी थांबवली. टाक्यात रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव शिरले आणि दोन रात्रींत हिरवं पाणी तपकिरी झालं. तो वास अजून हातांना आहे.

शेवाळ वाढवायला आपण अनुदान देता. अहो, अडतं ते काढणीत! उघड्या टाक्यातल्या हजार लिटर पाण्यात सुकं शेवाळ निघतं जेमतेम अर्धा किलो. पेशी काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), वर त्यांच्यावर ऋण भार. एकमेकींना दूर लोटत त्या तरंगतच राहतात. उत्पादनखर्चाचा २० ते ३० टक्के वाटा काढणीच खाते, असं जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत.

आणि योजनेत अनुदान फक्त सेंट्रिफ्यूजला, म्हणजे पाणी गरागरा फिरवून शेवाळ वेगळं करणाऱ्या यंत्राला! सगळं पाणी त्यात फिरवलं तर हजार लिटरमागे एक ते आठ युनिट वीज जाते. तेवढ्या पाण्यातल्या शेवाळात ऊर्जाच असते तीनेक युनिट. मग त्यातून इंधन काय काढायचं?

आधी शेवाळ तळाशी बसवा, मग यंत्रात फिरवा, एवढंच मी मागतोय. चुना घालून पाण्याचा सामू (pH) साडेदहा-अकरावर नेला की पाण्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि पेशींना सोबत नेतं. वरचं पाणी सोडून दिलं की यंत्रात घालायला तिसावा हिस्सा उरतो. तुरटीनेही बसतं, पण ॲल्युमिनियम शेवाळात राहतं. खाण्याचं असेल तर नकोच. तिथे कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान घ्या, गोड्या पाण्यात ते चांगलं चालतं. स्पिरुलिना या शेवाळाचे तर लांब धागे असतात, ती कापडातून गाळता येते. तिलाही सेंट्रिफ्यूजची अट घालणाऱ्याने ती कधी डोळ्यांनी पाहिली आहे का?

हे सगळं मी अर्जात लिहिलं होतं. 'तरतूद नाही' एवढे दोन शब्द परत आले. दोन वर्षं घरची माणसं माझ्याबरोबर रात्री उठून पाणी ढवळत होती, त्यांना मी काय सांगू? दिसायला मोठं यंत्र असलं की फाईल हलते. चुन्याच्या पिंपाला रकानाच नाही. अमेरिकेनेही १९७८ साली सुरू केलेला शेवाळ-इंधनाचा कार्यक्रम १९९६ साली पैशापायी गुंडाळला. सगळीकडे हेच चालायचं का?

काढणी केंद्राची तारीख लेखी द्या, नाहीतर तिसाव्या हिश्शापुरतं छोटं यंत्र मंजूर करा. टाकं घासून झालंय. सोमवारी पुन्हा भरतोय.

आपला,
एक शेवाळ-उत्पादक