टेलवरच्या बायकांकडून अण्णांना

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

पाणी वापर संस्थेचं सचिवपद तुम्ही सोडलंत, शाल-नारळ झालं, भाषणं झाली. त्यात आम्हा टेलवरच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, बायकांचं बोलायचं राहून गेलं. म्हणून सगळ्यांसमक्ष हे पत्र.

आपल्या दिंडोरी-निफाडकडे पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी घेऊन आपसात वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, नव्या नाहीत. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातून बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाडच्या कालव्यावर १९९१ च्या सुमारास पहिल्या संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पाचा कारभार २४ संस्थांच्या हाती आला. २००५ च्या कायद्यानं संचालक मंडळात महिलांसाठी जागाही राखली. पण त्या जागेवरच्या बाईपुढे यायचं ते सहीचं रजिस्टर. पाणी कुणाला कधी, हे ठरवणार दुसरेच. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन शेतात जाणार आम्ही.

तुम्ही आम्हाला आधी भाषण नाही शिकवलंत, गेज वाचायला शिकवलंत. चारीच्या, म्हणजे शेताकडे येणाऱ्या छोट्या कालव्याच्या, तोंडाशी तो सिमेंटचा अरुंद गाळा, त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. लाट बसेपर्यंत थांबायचं, पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं, तक्त्यात सेकंदाला किती लिटर ते शोधायचं, तासांनी गुणायचं. संस्थेला पाणी घनमापानं मिळतं आणि पाणीपट्टीही त्यावरच बसते. म्हणजे गेज चुकीचं लिहिलं गेलं तर न मिळालेल्या पाण्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात. हे कळल्यावर सभेत आम्हाला कुणी गप्प बसवू शकलं नाही. वहीतले आकडे वाचून दाखवले की हेडवाल्यांनाही, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडच्या शेतकऱ्यांनाही, ऐकावं लागलं, आणि टेलपासून पाणी द्यायचा ठराव नुसता कागदावर राहिला नाही.

दुसरं मोठं काम सातबाऱ्याचं. जमीन नावावर नाही तर सभासदत्व नाही, मतही नाही. माझ्या सासूबाई १९८६ ला चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला जाऊन आलेल्या, तरी त्यांचं नाव उताऱ्यावर कधी लागलं नाही. तुम्ही घरोघरी ओट्यावर बसून आमच्या मालकांना लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय वाचून दाखवलात. बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावलं तर जमीन कुठे जात नाही, हे पटेपर्यंत उठला नाहीत. नातेवाईकांचे टोमणेही तुम्हीच खाल्लेत. आज मी सभेला बसते ती खातेदार म्हणून. याची किंमत मला शब्दांत सांगता येणार नाही, अण्णा.

बायकांसाठी सभेची वेळ रात्रीवरून दुपारी आणलीत, तेही लक्षात आहे.

रब्बीच्या पहिल्या आवर्तनाआधी, म्हणजे पाण्याच्या पहिल्या पाळीआधी, चारीची साफसफाई काढली आहे. दोन नव्या सुना गेज शिकायला येणार आहेत. तक्ता तुम्हीच समजावून द्यायचा, सचिव असा वा नसा.

आपली,
टेलवरची एक खातेदार