कुल्फी दुधाचीच हवी

माननीय संपादक,

लग्नसराई आणि यात्रांच्या दिवसांत आमच्या भागात कुल्फी म्हणून जे वाटले जाते, त्यातल्या बऱ्याच वेष्टनांच्या मागे बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ आणि ‘खाद्य वनस्पती तेल’ असे छापलेले आढळते. असा पदार्थ विकणे बेकायदेशीर नाही, मात्र त्याला कुल्फी म्हणणे चूक आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार आईस्क्रीम वा कुल्फीतील स्निग्धांश दुधाचाच असावा लागतो, साधारण प्रकारात तो किमान १० टक्के हवा, आणि वनस्पती तेल वापरल्यास वेष्टनावर तसे सांगणे बंधनकारक आहे.

मुघल काळात डोंगरांतून बर्फ आणला जाई आणि सोरा या क्षाराने पाणी गार केले जाई, हे ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेले आहे; आटवलेले दूध गोठवण्याची रीतही त्याच दरबारी स्वयंपाकघरांतून पसरल्याचे मानले जाते. गावात येणारा जुना कुल्फीवाला माठात बर्फ आणि जाडे मीठ भरून त्यात निमुळत्या डब्या रोवत असे, कारण मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. मग डबी तळहातांत फिरवून तो कुल्फी पळसाच्या पानावर काढून देई. आईस्क्रीमसारखी ती घुसळली जात नाही, त्यामुळे तिच्यात हवा भरत नाही, ती घट्ट राहते आणि आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही सावकाश वितळते.

दूध आटते तशी त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम एकवटतात, तशीच संपृक्त चरबीही. वर साखर पडतेच. म्हणून मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी जपूनच खावी. पण वनस्पती तेल म्हणजे आपोआप हलके, हा समजही खरा नाही, कारण पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्तच असते.

नागपुरी म्हैस आणि गवळाऊ गाय ज्या विदर्भाच्या, तिथल्या पंगतीत तेलाची कुल्फी वाढली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. जेवणाचा ठेका देताना यजमानांनी हा प्रश्न आधीच विचारावा, आणि गावातल्या बचत गटांना दुधाच्या कुल्फीचे काम द्यावे. अन्न व औषध प्रशासनाने यात्रांतील हातगाड्यांवर ‘दुधाची’ की ‘तेलाची’ हे ठळक मराठीत लिहिलेली पाटी लावायला सांगावी, ही विनंती.

– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ