गाळ तोलू नका, नाल्याची खोली मोजा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईचे आकडे टनांत जाहीर होतात, आणि पहिल्याच मोठ्या सरीत ठरलेले चौक व ठरलेल्या वस्त्या पाण्याखाली जातात. मग दोष पावसाला दिला जातो. पाऊस मोठा असतो हे खरे, पण किती टन गाळ उचलला यावरून नाला वाहील की नाही हे कळतच नाही. ओल्या गाळाच्या वजनात बराच वाटा पाण्याचा असतो आणि ट्रकमध्ये राडारोडाही भरला जातो. मोजायची गोष्ट वेगळीच आहे: नाल्याची तळपातळी, म्हणजे नाल्याचा तळ किती उंचीवर आहे ते.

नाल्यावर किती भार येतो, याचा हिशेब कठीण नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला तर १ हेक्टरवर सेकंदाला सुमारे १३९ लिटर पाणी उतरते. जमीन मोकळी, गवताळ असेल तर त्यातला साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ३५ लिटर, वाहून नाल्यात येतो. तीच जमीन छपरे, डांबर आणि फरशीने झाकली की ९० टक्के, म्हणजे १२५ लिटर येतात. नाला तोच आणि पाऊसही तोच, भार मात्र साडेतीन पट! शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर धावते, त्यामुळे सगळीकडचा लोंढा एकाच वेळी नाल्याच्या तोंडाशी पोचतो.

आता गाळाकडे वळू. १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल काँक्रीट नाल्यात ३० सेंटिमीटर गाळ बसला तर वहनक्षमता ३० टक्के घटेल, असा अंदाज कोणीही बांधेल. प्रत्यक्षात ती ३६ टक्क्यांच्या आसपास घटते. प्रवाहाचे क्षेत्र कमी होते तसा पाण्याचा वेगही कमी होतो, म्हणून हा फरक पडतो. त्याहून वाईट गोष्ट मध्येच राहिलेल्या गाळाच्या उंचवट्याची. सपाट भागातल्या नाल्याचा उतार ५०० मीटरला १ मीटर धरा. रस्त्याखालून नाला नेणाऱ्या एका मोरीखाली ३० सेंटिमीटरचा गाळ तसाच राहिला, तर वरच्या बाजूला तब्बल १५० मीटरपर्यंत पाणी साचून राहते. साचलेल्या पाण्यात नवा गाळ बसतो आणि साफ केलेला भागही काही दिवसांत पूर्ववत होतो. पोकलेन मोकळ्या नाल्यात चालते, मोरीखाली शिरत नाही. त्यामुळे सर्वांत अरुंद जागाच नेमकी सफाईतून सुटते. तिथे जोरदार पाण्याचा फवारा मारणारे जेटिंग आणि गाळ खेचणारे सक्शन यंत्रच हवे. माणूस उतरवणे हा उपाय नव्हेच, कारण बंद जागेतल्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत जीव घेतो.

सफाई नाल्याच्या मुखाकडून, म्हणजे तो नदीला किंवा खाडीला मिळतो तिथून सुरू करून वर जावी. उलट केली तर वरून सुटलेला गाळ खालच्या न उपसलेल्या भागात अडकतो. काठावर टाकलेला गाळ दोन दिवसांत हलवला नाही, तर तो पहिल्या पावसाबरोबर परत आत जातो. नाला खाडीत किंवा नदीत पडतो तिथले झडपी दरवाजेही तपासावेत. फळकूट किंवा प्लास्टिक अडकून झडप उघडी राहिली, तर भरतीचे किंवा नदीच्या फुगवट्याचे पाणी उलटे वस्तीत शिरते.

रस्त्यांचा दोषही मोठा आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जुना थर न खरवडता दर वेळी ५ सेंटिमीटरचा नवा थर टाकला, की चार वेळांत रस्ता २० सेंटिमीटर वर येतो. पदपथाच्या कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास असते, ती पूर्ण बुडते. पावसाळी जाळ्या डांबराखाली जातात आणि रस्त्याचे पाणी घराच्या उंबऱ्याकडे वळते. ज्यांना परवडते ते जोते उंचावतात. त्यांच्या दारातले पाणी मग शेजारच्या बैठ्या घरात जाते.

पाणी तुंबले की कोणीतरी मलवाहिनीच्या मॅनहोलचे झाकण उघडतो. हे कृपया थांबवावे. उघडे मॅनहोल गढूळ पाण्याखाली दिसत नाही आणि त्यात माणसे वाहून जातात. दुसरे असे, की मलवाहिनी पावसाचा लोंढा वाहण्यासाठी नसतेच. ती भरली की सर्वांत खालच्या घरांच्या शौचालयातून आणि न्हाणीतून मैला उलटा वर येतो. म्हणजे एका गल्लीची सुटका दुसऱ्या गल्लीच्या जिवावर होते. अशा घरांच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवता येतो. मात्र तो पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करावा लागतो, कारण केस आणि कागद अडकले की झडप मिटत नाही. ती मिटलेली असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही, म्हणून तेवढा वेळ नळ बंद ठेवावेत.

पाणी ओसरल्यावरचे दिवस अधिक धोक्याचे. भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी (विजेच्या पेटीतले आपोआप वीज तोडणारे स्विच) वाळवून परत वापरू नयेत, बदलावेत. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले असल्यास ती पूर्ण उपसून, घासून पुन्हा भरावी, १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर विरघळवून घालावी आणि निदान एक तास पाणी वापरू नये. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर पुराचा संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही. डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

पालिकेकडे मागणी एकच. सफाईच्या आधी आणि नंतर, पक्क्या बेंचमार्कवरून (ठरलेल्या उंचीच्या कायम खुणेवरून) दर २० मीटरला आणि प्रत्येक मोरीच्या आत तळपातळी घ्यावी, दोन्ही आकडे प्रभागात फलकावर लावावेत आणि कंत्राटदाराचे देयक त्यावरच काढावे. मोरीच्या भिंतीवर मूळ तळापासून सेंटिमीटरच्या खुणा रंगवल्या, तर शाळकरी मुलालाही गाळ किती आहे ते वाचता येईल. रहिवाशांनीही पाणी चढेल तिथे भिंतीवर रेघ मारून तारीख आणि वेळ लिहावी. पाण्याची शिखरपातळी सांगणारी अशी नोंद नव्या नाल्याची रुंदी ठरवताना फार उपयोगी पडते, आणि ती बहुतेक ठिकाणी पुढच्या रंगकामात पुसली जाते.

आपला,
पर्जन्यजल निचऱ्याचे काम करणारा एक स्थापत्य अभियंता