मिडलसेक्समध्ये आपण किती?

प्रिय मुकुंदा,

पत्र मिळालं. मंडळाच्या अंकासाठी ‘मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच) कोण किती’ असा लेख लिहायचा ठरवलास, हे छानच. पण ‘दोन ओळींत आकडे कळव’ म्हणतोस, ते जमायचं नाही. आकडे दोन ओळींत बसतात, पण त्यांच्यामागचे प्रश्न बसत नाहीत. आणि प्रश्न बदलला की आकडा बदलतो.

आधी काउंटी नीट पकड. मिडलसेक्स नावाच्या काउंट्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि व्हर्जिनियातही आहेत. शोधयंत्र बऱ्याचदा मॅसॅच्युसेट्सची पुढे करतं. आपल्या न्यू जर्सीच्या काउंटीचा कोड 34023, तो ताडून बघ. त्यातच आपल्या काउंटीत मिडलसेक्स नावाचं एक छोटं बरोही (गाव) आहे, म्हणून ‘मिडलसेक्स’ एवढंच टाकून तक्ता उघडू नकोस. काउंटीत एकूण 25 नगरपालिका आहेत. एडिसन ही टाउनशिप, म्हणून सेन्ससच्या, म्हणजे अमेरिकेच्या शिरगणती खात्याच्या, डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या संकेतस्थळावर ती ‘प्लेस’खाली सापडत नाही, ‘काउंटी सबडिव्हिजन’खाली सापडते. इसेलिन ही तर नगरपालिकाच नाही. तो वुडब्रिज टाउनशिपमधला, सेन्ससने आखून घेतलेला भाग. म्हणजे ओक ट्री रोड या आपल्या भारतीय बाजाराची अर्धी दुकानं एडिसनच्या हिशेबात आणि अर्धी वुडब्रिजच्या. टपालाच्या पत्त्यावर तर मुळीच भिस्त ठेवू नकोस. आपल्या काउंटीतल्या प्लेन्सबरोमधल्या कित्येक घरांचा पत्ता ‘प्रिन्स्टन’ असतो, आणि प्रिन्स्टन पडतं मर्सर काउंटीत.

आता मूळ घोळ. 2020 च्या शिरगणतीच्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का. दुसरा, तुमचा वंश कोणता: श्वेत, कृष्णवर्णीय, अमेरिकन इंडियन (इथले मूळ रहिवासी), आशियाई, हवाईयन-पॅसिफिक बेटांवरचे, किंवा ‘इतर वंश’. प्रत्येकाने दोन्हींची उत्तरं द्यायची. म्हणजे हिस्पॅनिक हा वंश नव्हे, तो या सगळ्या रकान्यांवरून आडवा जातो. वर्तमानपत्रांची चूक नेमकी इथेच होते. 2010 चे मिडलसेक्सचे आकडे घे. श्वेत 58.6 टक्के, आशियाई 21.4, कृष्णवर्णीय 9.7, इतर वंश सुमारे 7, दोन किंवा अधिक वंशांचे सुमारे 3. उरलेला अंशभर धरला की शंभर भरले. आता त्यात हिस्पॅनिक 18.4 मिळवलेस तर बेरीज 118 च्या वर जाते. ते 18.4 टक्के आधीच वरच्या रकान्यांत वाटले गेलेले आहेत. कुणी ‘श्वेत’वर खूण केली, कुणी ‘इतर’वर. हिस्पॅनिक वगळून श्वेत काढले तर ते निम्म्याच्या किंचित खाली येतात. लेखात 58.6 छापायचे की निम्म्याहून कमी, हे तू ठरव, पण कुठला आकडा आहे ते शेजारी लिही. तक्ता घेताना पी-1 मध्ये नुसता वंश मिळतो आणि पी-2 मध्ये हिस्पॅनिक बाजूला काढून बाकीच्यांचा वंश. वर्तुळाकार आलेख काढायचा असेल तर फक्त पी-2 वापर.

‘इतर वंश’ म्हणजे कोण, असं वाचक विचारतीलच. पर्थ अंबॉयमध्ये 2010 साली चारात तीनपेक्षा जास्त लोक हिस्पॅनिक होते, मुख्यतः पोर्टो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिककडचे. न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या वहाका राज्यातून आलेली मोठी वस्ती आहे. या लोकांना वंशाच्या यादीत आपलं घर सापडत नाही, म्हणून ते ‘इतर’मध्ये मूळ देश लिहितात. उलट पोर्तुगीज आणि ब्राझिलियन लोक सेन्ससच्या व्याख्येत हिस्पॅनिक नाहीत, कारण व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी जोडलेली आहे. म्हणून आडनावावरून याद्या करणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. त्यांच्या हिशेबात म्हापशाचे फर्नांडिस बिनदिक्कत मेक्सिकन होऊन बसतात.

2010 आणि 2020 शेजारी ठेवताना हात आखडता घे. देशभर ‘दोन किंवा अधिक वंशांचे’ लोक दहा वर्षांत 90 लाखांवरून 3 कोटी 38 लाखांवर गेले. एवढी मिश्र लग्नं झाली नाहीत रे! 2020 ला श्वेत आणि कृष्णवर्णीय रकान्यांखाली मूळ लिहायला ओळ दिली आणि लिहिलेल्यातलं बरंच जास्त सांकेतिक नोंदीत घेतलं. पूर्वी 30 अक्षरं वाचली जायची, आता 200. ‘श्वेत’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिणारा आपोआप दोन वंशांचा झाला. म्हणून मिडलसेक्समध्येही ‘फक्त श्वेत’ घटले असं छापताना, त्यातले किती खरंच घटले आणि किती दुसऱ्या रकान्यात सरकले हे एका वाक्यात सांगावंच लागेल. एकूण लोकसंख्या मात्र सरळ तुलना करण्याजोगी आहे: 8,09,858 वरून 8,63,162, म्हणजे 6.6 टक्के वाढ.

आता आपल्याकडे येऊ. भारतीयांचा रकाना पाहिला की या वर्गवारीचा सगळा इतिहास दिसतो. 1920 ते 1940 च्या शिरगणत्यांत ‘हिंदू’ हा वंश होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना ‘श्वेत’ मानायला नकार देऊन नागरिकत्व नाकारलं. 1970 ला मात्र भारतीयांना श्वेतांत मोजलं. 1980 पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन आला. म्हणून 1970 आणि 1980 यांच्या तुलनेतून ‘भारतीयांचा पूर आला’ असं कुणी लिहिलं, तर त्यातला काही भाग नुसता चौकोनाचा आहे.

एडिसनचं 2010 चं चित्र असं: आशियाई 43.2 टक्के, आणि त्यातले भारतीय म्हणजे एकूण वस्तीच्या 28.3 टक्के. 2020 चे बारीक आकडे ‘तपशीलवार डीएचसी-ए’ फाइलमध्ये आहेत, ती सप्टेंबर 2023 मध्ये आली. देशात ‘फक्त भारतीय’ 43,97,737 निघाले आणि या मोजणीत त्यांनी चिन्यांना मागे टाकलं. ‘फक्त’ हा शब्द गाळू नकोस. ‘फक्त किंवा मिश्र’ धरलं तर चिनी अजून पुढे आहेत.

दोन शिरगणत्यांच्या मधल्या वर्षांसाठी एसीएस नावाची नमुना पाहणी असते. दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर फॉर्म जातो. 65,000 च्या वर वस्ती असेल तर एका वर्षाचा अंदाज मिळतो, नाहीतर पाच वर्षांचा. तिच्या बी-02015 या तक्त्यात ‘फक्त भारतीय’ मिळतील, बी-02018 मध्ये मिश्रही. या दुसऱ्या तक्त्यात एकच माणूस दोन गटांत मोजलेला असू शकतो, त्यामुळे बेरीज करू नकोस. बी-05006 जन्मदेशाचा आहे. तिथे ‘भारतात जन्मलेले’ दिसतील, पण इथे जन्मलेली आपली पोरं आणि केनियातून आलेले गुजराती दिसणार नाहीत.

प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उण्याची मर्यादा असते, ती 90 टक्के खात्रीची. समजा एका वर्षी 40,000 ± 3,000 आणि पुढे 43,000 ± 3,500 आले (हे आकडे नुसते उदाहरणाचे). दोन्ही मर्यादांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढ: सुमारे 4,610. फरक 3,000 चा, म्हणजे वाढ झाली असं छापता येणार नाही. आणि 2016–2020 ची तुलना 2017–2021 शी नको, चार वर्षं तीच आहेत.

आता ‘मराठी किती’. हा प्रश्न तू सगळ्यांत शेवटी, जाता जाता विचारलास, पण अंक उघडल्यावर वाचक आधी तेच शोधणार. शिरगणतीत भाषा विचारतच नाहीत. एसीएसमध्ये ‘घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता’ असा प्रश्न आहे, पाच वर्षांवरच्यांसाठी. पण काउंटीच्या छोट्या तक्त्यात मराठी ‘इतर इंडो-युरोपियन’मध्ये, इटालियन आणि पोर्तुगीजच्या पंगतीला बसते. मोठ्या तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली, पंजाबी वेगळ्या दिसतात आणि आपल्याला ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय आर्यभाषा’ या एका ओळीत कोंबलंय. ते छापून त्यावर ‘मराठी’ असं शीर्षक देऊ नकोस.

मार्ग एकच, एसीएसची पम्स नावाची सूक्ष्म-नोंदींची फाइल, म्हणजे एका ओळीत एका माणसाची नोंद. त्यात मराठीला स्वतंत्र कोड आहे. न्यू जर्सीची पाच वर्षांची फाइल उतरव. मिडलसेक्समध्ये पडणारे प्यूमा विभाग (प्रत्येकी किमान एक लाख वस्तीचे) निवड, भाषेच्या स्तंभातून मराठीच्या ओळी निवडून घे, आणि ओळी मोजण्याऐवजी प्रत्येक ओळीपुढच्या वजनांची (ती ओळ किती माणसांच्या वतीने आहे, तो आकडा) बेरीज कर. इथे चुकलास तर हजारोंच्या जागी दोन-तीनशे दिसतील. चुकीची मर्यादा काढायला 80 जोडवजनं दिलेली असतात, तीही वापर. एक खड्डा सांभाळ: 2022 पासून प्यूमाच्या सीमा बदलल्या, त्यामुळे 2018–2022 च्या फाइलमध्ये जुन्या आणि नव्या सीमांचे दोन स्तंभ आहेत. एकाच स्तंभावरून निवड केलीस तर चार किंवा एक वर्षाचीच माणसं हाती लागतात. शिवाय हा आकडा घरी मराठी बोलणाऱ्यांचा. घरात इंग्रजीच चालणारे कुलकर्णी यात नाहीत.

सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मोजायचे का, असं तुझ्याकडे कुणी विचारलं तर: शिरगणतीत नाही, तिथे जो बहुतेक काळ इथे राहतो-झोपतो तोच मोजला जातो. एसीएसमध्ये मात्र दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेले धरतात. एच-1बीवरचे मोजले जातात, नागरिकत्वाचा संबंध नाही. रटगर्स विद्यापीठाच्या वसतिगृहातली मुलं पालकांच्या घरी धरायची नाहीत, वसतिगृहातच धरायची.

एक राहिलंच. मार्च 2024 मध्ये सरकारने दोन प्रश्नांचा एकच करायचं आणि ‘मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका’ हा नवा गट द्यायचं ठरवलं. ते फॉर्मवर येईपर्यंत ईस्ट ब्रन्सविकचे इजिप्शियन कॉप्टिक ख्रिस्ती लोक ‘श्वेत’मध्येच मोजले जाताहेत, हे तळटीपेत टाक.

पम्सची बेरीज झाली की छपाईआधी मला पाठव. वजनाचा स्तंभ कोणता घेतलास तेवढं मात्र कळव.

तुझा,
अविनाश