भंगारात निघालेला लॅपटॉप घरचा सर्व्हर होऊ शकतो

महोदय,

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून आमच्या सांगलीत चांगले चालते लॅपटॉप भंगारात जाताना पाहतो आहे. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि फोनमधले फोटो मावेनात म्हणून तीच माणसे बाजारात तयार स्टोरेज सर्व्हरची, म्हणजे फोटो-फाइली साठवून घरातल्या सगळ्यांना पुरवणाऱ्या पेटीची, चौकशी करतात. तिथे पेटीचे पैसे वेगळे, आतल्या डिस्कचे वेगळे.

मी वीज खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न युनिटचा. सर्व्हर रात्रंदिवस चालतो आणि बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. तेव्हा तो किती वॅट खातो, ते आधी बघावे. जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना ६० वॅट ओढत असेल, तर महिन्याला ४३ युनिट झाले. माझा जुना लॅपटॉप, स्क्रीन बंद आणि पोर्टेबल हार्ड डिस्क जोडलेली, प्लगला मीटर लावून मोजला तर ९ वॅट भरला. म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट. नवेच घ्यायचे असेल तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसीही कमी विजेत चालतो. पण लॅपटॉपची एक गोष्ट त्यात नाही: बॅटरी. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट दहा वेळा जाते-येते. फाइल अर्धी लिहून झालेली असताना डिस्कची वीज तुटली, तर फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉपला यूएसबीवर चालणारी अडीच इंची डिस्क लावली की तीही त्याच बॅटरीवर तग धरते. सतत चार्जरवर राहून बॅटरी फुगू नये म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती जरूर चालू करावी. आधीच फुगलेली बॅटरी मात्र काढूनच टाकावी, तिथे काटकसर नको.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही संगणकप्रणाली टाकली, फोटो साठवून पाहण्यासाठी इमिच आणि फाइली दुसऱ्या यंत्रांशी जुळवून ठेवण्यासाठी सिंकथिंग हे प्रोग्रॅम. सगळे मोफत. झाकण मिटल्यावर यंत्र झोपू नये, एवढे सेटिंग बदलावे लागते. बाहेरून पाहायचे असल्यास राउटरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची दारे, सताड उघडू नयेत, वायरगार्ड या प्रोग्रॅमचा खासगी मार्ग वापरावा.

ज्याला यात वेळ घालवायचा नाही त्याने तयार पेटी खुशाल घ्यावी. पण पेटी विकत घेतलेली असो वा घरी जुळवलेली, एकाच घरातल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. आमची दुसरी प्रत पुण्याला मुलीकडे असते. रात्री इथले नवे फोटो आपोआप तिकडे जातात.

शाळा आणि सार्वजनिक वाचनालयांना माझी विनंती आहे की, जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांतला एक धड लॅपटॉप बाजूला काढावा. दाखले, ग्रंथसूची, संमेलनांचे फोटो त्यावर ठेवता येतील. सांगली-मिरजेतल्या कोणत्याही संस्थेला तो उभा करून द्यायला मी विनामूल्य येईन.

– एक निवृत्त वीज कर्मचारी, सांगली